पंचावन्न टक्के

मनकर्णाचा नेम सुधारलेला नाही, असा लेखी अहवाल मी १९८७ च्या मे महिन्यात साखर कारखान्याच्या कार्यालयात दिला. त्या अहवालातील एकही आकडा खोटा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच आहे.

मनकर्णा माझी मुलगी. तेव्हा पंधरा वर्षांची. मी चौसाळ्याजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात प्रयोगशाळेचा केमिस्ट होतो. कारखान्याच्या बऱ्या दिवसांत संचालक मंडळाने वसाहतीत सिमेंटचे बास्केटबॉल मैदान करून घेतले होते. सूचना माझी होती. औरंगाबादला बी.एस्सी. करताना मी दोन वर्षे विद्यापीठाच्या संघात राखीव खेळाडू होतो. त्या दोन वर्षांत मी फ्री थ्रोच्या रेषेवरून दहा हजार चेंडू टाकले आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. पहिल्या हजारात पाचशे एकेचाळीस आत गेले, शेवटच्या हजारात पाचशे एकावन्न. यावरून मी असा निष्कर्ष काढला की नेम हा उंचीसारखा असतो. ठरावीक वयानंतर तो वाढत नाही, माणसे उगाच टाचा उंचावतात. एका माणसाच्या नोंदींवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढू नये, हे मला ठाऊक होते. पण तो एक माणूस मी होतो.

मनकर्णाला दहाव्या वर्षापासून मीच शिकवले. चौदाव्या वर्षी ती पन्नासात सत्तावीस-अठ्ठावीस चेंडू आत टाकत असे, म्हणजे पंचावन्न टक्के. विभागीय संघाच्या निवड समितीने तिला तेव्हा परत पाठवले. शेऱ्यात लिहिले होते, ‘हालचाल उत्तम. नेम सुधारल्यास पुढील वर्षी विचार व्हावा.’ पुढील वर्ष हेच शेवटचे होते, कारण त्यानंतर ती सोळा वर्षांखालील गटात बसणार नव्हती. तो कागद वाचून मला वाईट वाटले, आणि माझा निष्कर्ष शाबूत राहिल्याचे थोडे समाधानही वाटले. दोन्ही भावना एकाच वेळी होत्या. त्यांचे प्रमाण मी तेव्हा तपासले नाही.

त्या वर्षी ऊस नव्हता. गाळप जानेवारीतच आटोपले, बैलगाड्यांच्या तळावर जनावरांची छावणी उभी राहिली, आणि प्रयोगशाळेत मोजण्यासारखा रस उरला नाही. तहसीलच्या मागणीवरून कारखान्याने मला टँकरच्या पाण्यातील क्लोरीन तपासण्याच्या कामावर दिले. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मी पाटोद्यापासून नांदूरघाटपर्यंत फिरत होतो. घरी येणे पंधरवड्यातून एकदा, तेही आंघोळीपुरते. आणि आंघोळ म्हणजे अर्धी बादली.

काम संपवून परतलो त्या सकाळी मैदानाकडून आवाज आला.

“पाय बघ, पाय! बॉल गेला का न्हाई ते बघायला दुनिया हाय. तुजा पाय कुटं हाय?”

खांबाला टेकून बंकट उभा होता. बंकट हा कारखान्याच्या क्रेनवरचा फिटर. गाळप बंद म्हणून अर्ध्या पगारावर बसलेला. बास्केटबॉल त्याने जन्मात खेळलेला नव्हता. तरुणपणी कबड्डी खेळला होता, आणि त्यात गुडघा गमावला होता.

मनकर्णाने चेंडू टाकला. तो रिंगला लागून बाहेर आला.

“हात् तुज्या रिंगच्या!” ती म्हणाली आणि हसली. चेंडू टाकताना ती हसलेली मी पाच वर्षांत पाहिली नव्हती. पुढचे तीन चेंडू ओळीने जाळीतून गेले. मग तिने मला पाहिले.

“या साहेब!” बंकट म्हणाला. “पोरगी लई तयार झाली बगा. काल पन्नासात सदतीस.”

“मोजले कोणी?”

“तिनंच. मला चाळिसाच्या फुडं झोप येती.”

“दादा, काका म्हणतात, चुकला की रिंगला शिवी द्यायची अन् दुसरा घ्यायचा,” बंकटकडे बोट करून मनकर्णा मला म्हणाली.

“आणि गेला तर?”

“तरी दुसरा घ्यायचा.”

मी वही काढली आणि म्हणालो, टाक. तिने पाच चेंडू टाकले. एक गेला. बंकटने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मला हवे ते मिळाले होते, आणि पाच चेंडूंचा नमुना फार लहान असतो याची मी त्या दिवशी स्वतःला आठवण करून दिली नाही.

सदतीस म्हणजे चौऱ्याहत्तर टक्के. हा आकडा मला दिवसभर टोचत राहिला. पाच वर्षे मी भौतिकशास्त्राच्या नियमांनी चेंडूचा कोन समजावला होता. या माणसाने दोन महिन्यांत शिव्या शिकवून हे केले असे मानायचे, तर माझ्या पाच वर्षांचे काय करायचे? दुसरे कारण असलेच पाहिजे. चौकशी केली तेव्हा कळले की बंकटने मार्चमध्ये वाकलेली रिंग उतरवून, ठोकून, सरळ करून पुन्हा बसवली होती. मला हायसे वाटले. भर दुपारी, वसाहत झोपलेली असताना, मी शिडी आणि मोजपट्टी घेऊन मैदानावर गेलो. रिंगचा व्यास बरोबर अठरा इंच. जमिनीपासून उंची बरोबर दहा फूट. तरीही खात्रीसाठी मी स्वतः शंभर चेंडू टाकले. बावन्न गेले. रिंगचा काही दोष नव्हता.

त्यानंतर दोन आठवडे सकाळी बंकट आणि संध्याकाळी मी, असा क्रम चालला. सकाळच्या नोंदी मनकर्णा ठेवी. ती खोटे लिहिणार नाही, हे मला मान्य होते. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे खांबाखाली वही घेऊन उभा राहत असे. प्रत्येक चेंडूनंतर टाकलेल्या आणि आत गेलेल्या चेंडूंचा आकडा मोठ्याने म्हणायचा, ही माझी जुनी पद्धत. “अकरात पाच. बारात पाच. तेरात पाच.” मनकर्णा रेषेवर उभी राहून चेंडू दोनदा आपटी, मग चारदा, मग सहादा. चौदा सकाळींत सातशेपैकी चारशे सत्त्याण्णव चेंडू गेले. चौदा संध्याकाळींत सातशेपैकी दोनशे त्र्याहत्तर.

याच सुमारास चेअरमन आप्पारावांनी मला बोलावले. महिनाअखेर बीडला निवड चाचणी होती. कारखान्याच्या शाळेतून एकच नाव पाठवता येणार होते आणि त्याला संचालक मंडळाचा ठराव लागत होता. ठराव झाला तर शिफारसपत्र, जीप आणि महिनाभराच्या शिबिराचा खर्च. नाही झाला तर काहीच नाही.

“हे बगा शहादेवराव,” आप्पाराव म्हणाले, “पोरगी तुमची. उद्या सभासद म्हणतील, केमिस्टाच्या पोरीवर खैरात केली. जनावरांना चारा न्हाई अन् हे बॉल खेळायला पैसे वाटतेत. तवा तुमीच लिहून द्या. मागच्या साली नेम कच्चा म्हणले व्हते ना? आता सुधारला का न्हाई? हो का न्हाई, आकड्यात.”

“माझ्याच मुलीबद्दल मी लिहू?”

“तुमी सख्ख्या बापाच्या उसाचा उतारासुदिक कमी लावाल. सगळ्या तालुक्याला ठाव हाय. म्हणून तर तुमीच.”

ही माझी ख्याती होती आणि मला ती आवडत असे. 

प्रयोगशाळेत आमची एक रीत असते. आठ तासांच्या पाळीत दर तासाला रसाचा नमुना घ्यायचा, सगळे नमुने एका भांड्यात मिसळायचे, आणि त्या मिश्रणातील साखर मोजायची. त्यामुळे एखादी गोड गाडी किंवा एखादी वाळकी मोळी निकाल बिघडवत नाही. वीस वर्षे मी हेच केले होते. मनकर्णाच्या नोंदींचेही मी तेच केले. सकाळ आणि संध्याकाळ मिळून चौदाशे चेंडू; त्यांपैकी आत सातशे सत्तर. पंचावन्न टक्के. मागच्या वर्षी पंचावन्न, या वर्षी पंचावन्न. ‘सुधारणा आढळली नाही,’ असे लिहून मी खाली सही केली. आणि मला बरे वाटले. मुलीची संधी हातातून जात होती, हे सहीच्या क्षणी मला दिसत होते. तरीही बंकटचा आकडा माझ्या पंचावन्नापर्यंत खाली आला, याचे बरे वाटले.

बातमी त्याच दिवशी वसाहतीत पसरली. सहकारी संस्थेत गुप्त असे काही नसते. बंकट छावणीच्या हौदाजवळ पंपाचे काम करत होता. मला पाहून तो उठला नाही.

“केमिस्टसाहेब, एक इचारू?”

“विचारा.”

“एका गाडीचा ऊस गोड हाय. दुसऱ्या गाडीचा वाळून चिपाड झालाय. तुमी दोनीचा रस मिसळून सांगता, ऊस मध्यम हाय. आता मध्यम ऊस कुटल्या गाडीत हाय, तेवढं दाखवा.”

“सकाळी हवा थंड असते. संध्याकाळी वारा असतो, चेंडू तापलेला असतो, मुलगी थकलेली असते. म्हणून दोन्ही धरावे लागतात.”

“वारा!” तो हसला. “संध्याकाळी वारा न्हाई साहेब, तुमी असता.”

हौदावर पाणी भरणाऱ्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी घरी आलो. माझी बायको सिंधू तांदूळ निवडत होती. तिला सारे आधीच कळले होते.

“तुमाला पोरीचा नेम मोजायचाच न्हाई,” ती मान वर न करता म्हणाली. “तुमी बंकट मोजताय.”

“त्याचे म्हणणे खोटे आहे, हे मी सिद्ध करून दाखवतो.”

“करा. पर तवर बोर्डाची मीटिंग होऊन जाईल.”

सभेला पंधरा दिवस होते. प्रयोग मी काळजीपूर्वक आखला, कारण तो बंकटला चूक ठरवण्यासाठी होता. हवा, वारा, थकवा हे सारे बाजूला ठेवण्यासाठी फक्त सकाळच्याच नोंदी घ्यायच्या. रोज पहाटे नाणे उडवायचे. छापा पडला तर मैदानावर खांबाखाली जाऊन उभे राहायचे. काटा पडला तर कामाला जातो म्हणून निघायचे आणि कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिथे साखर शिजवण्याच्या कढया आहेत, तिथल्या खिडकीतून पाहायचे. तिथून मैदान दीडशे मीटर. जाळी हललेली स्पष्ट दिसते. रोज पन्नास चेंडू, बारा दिवस. मनकर्णाला किंवा बंकटला यातले काही सांगायचे नाही.

बंद कारखान्याचा तो मजला मला चांगला आठवतो. कढया थंड होत्या, सगळीकडे धूळ होती, आणि जुन्या मळीचा आंबूस वास भिंतींत मुरलेला होता. खिडकीशी उभा राहून मी माझ्या मुलीला पहिल्यांदाच असे पाहिले की तिने मला पाहिले नव्हते. ती वेगळ्या प्रकारे उभी राहत असे. चेंडू एकदाच आपटून टाकत असे. बंकट काहीतरी म्हणे आणि ती पोट धरून हसे. शब्द वर येत नसत, हसणे येई. मला त्या माणसाचा हेवा वाटला. हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. त्याच्या शिकवण्याचा नव्हे, तो खांबाला टेकून उभा राहू शकतो याचा.

सातव्या दिवशी काटा पडला आणि बंकट आला नाही. छावणीचा पंप बिघडला होता. मी अधीर होऊन मोजू लागलो. आज आकडा खाली येईल, म्हणजे सारे श्रेय त्या माणसाच्या बडबडीचे, आणि ते श्रेय तर चाचणीच्या मैदानावर नेता येत नाही. मनकर्णाने एकटीने पन्नास चेंडू टाकले. छत्तीस गेले. बंकट नसल्याने काही बिघडत नव्हते. याचा मला क्षणभर आनंद झाला. पुढच्याच क्षणी लक्षात आले की असल्याने बिघडते असा मग एकच माणूस उरतो.

बारा दिवसांचा हिशेब असा. मी दिसत नव्हतो असे पाच दिवस: अडीचशेपैकी एकशे अठ्ठ्याहत्तर, म्हणजे एकाहत्तर टक्के. मी दिसत होतो असे सात दिवस: साडेतीनशेपैकी एकशे तेहतीस, म्हणजे अडतीस टक्के. पाचांपैकी एकही दिवस सातांपैकी एकाही दिवसाच्या जवळपास आला नाही. हा योगायोग असण्याची शक्यता किती, ते मी मांडले. ती जवळजवळ शून्य होती. मग पुन्हा मांडले.

त्याच संध्याकाळी मी मनकर्णाला विचारले, “मी उभा असलो की काय होते?”

ती चेंडूवरची धूळ पुसू लागली. “काय न्हाई, दादा.”

“खरे सांग. राग नाही येणार.”

“तुमी आकडा म्हणता ना, बारात पाच... तवा मला वाटतं, पाचच जाणार. मग तुमचं चुकू नये म्हणून...” ती थांबली. “तसं न्हाई. माझं मलाच कळत न्हाई.”

मला राग आला नाही. दुसरे काहीतरी आले, आणि त्याला राग हे नाव असते तर बरे झाले असते.

संचालक मंडळाची सभा वीस तारखेला होती. पहिले तास-दोन तास चाऱ्यावर गेले. मग माझा विषय निघाला. मी उभा राहून सांगितले की माझा अहवाल मी मागे घेत आहे. आकडे खरे असले तरी ते मिसळायला नको होते. मुलीचा नेम एकाहत्तर टक्के आहे; काही दिवशी मात्र अडतीसच पडतात.

“मग अडतीस कावून पडतेत?” एका संचालकाने विचारले.

“निरीक्षकाच्या उपस्थितीमुळे.”

“म्हंजी?”

“म्हणजे मी समोर असलो की तिचा नेम जातो.”

मग मागून कोणीतरी म्हणाले, “आमचं बी तसंच व्हतंय, साहेब! तुमी काट्यापाशी आलात की उसाचं वजन घटतंय!” सगळे हसले. आप्पारावही हसले, पण त्यांनी टेबलावर हात आपटून सभा गप्प केली.

“शहादेवराव, मग चाचणीला बापानं जायचं न्हाई, असं बी ठरावात घ्यायचं का?”

“ठरावात घेण्याची गरज नाही,” मी म्हणालो. “मी जाणार नाही.”

“पोरीसंगं कोन जाईल मग?”

उत्तर सर्वांना ठाऊक होते. तरी ते मला उच्चारावे लागले. “बंकट.”

ठराव मंजूर झाला. तीस मेला कारखान्याची जीप बीडला गेली. पुढे चालकाशेजारी बंकट, मागे सिंधू आणि मनकर्णा. मी दारात उभा होतो. मनकर्णा वाकून पाया पडली आणि म्हणाली, “दादा, येते.” तुम्हीही चला, असे ती म्हणाली नाही. तिने ते म्हणू नये हेच योग्य होते. तरी मी त्याची वाट पाहिली. जीप वळणाआड जाईपर्यंत पाहिली.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेतील सर्व काचेची भांडी धुतली. पाणी जपून वापरायचे असल्याने तीन तास लागले. जीप परतली ती चार वाजता. सिंधूने उतरण्याआधीच ओरडून सांगितले, “घेतली! पोरीला घेतली!” मनकर्णा धावत माझ्यापर्यंत आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, शाबास म्हणालो, आणि तिने मागे वळून जीपमधून उतरणाऱ्या बंकटकडे पाहिले तेव्हा मी तिकडे पाहिले नाही.

दोन दिवसांनी शिबिराचा अर्ज भरायला बसलो. नाव, जन्मतारीख, उंची, शाळा. त्याखाली एक रकाना होता: ‘प्रशिक्षकाचे पूर्ण नाव.’ मी लेखणी हातात घेऊन बसून राहिलो. दहा ते पंधरा, पाच वर्षे, साडेआठशे सकाळी. त्याचे फार तर तीन महिने. कालावधीच्या निकषावर तिथे माझे नाव येत होते. आणि बंकटचे पूर्ण नाव मला माहीत नव्हते. वीस वर्षे एका कारखान्यात काढून मला ते कधी लागले नव्हते.

मी त्याच्या क्वार्टरवर गेलो. तो उंबऱ्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. मी अर्ज दाखवला आणि नाव विचारले.

“अवो साहेब, तुमचंच लिवा की,” तो म्हणाला. “मला बॉल धरता येत न्हाई. हात, कोन, समदं तुमीच शिकवलेलं. मी नुसता तिथं हुबा व्हतो.”

तो चेष्टा करत नव्हता. मी त्याचा चेहरा नीट पाहिला. त्यात चेष्टेचा अंशही नव्हता. तो मला माझी पाच वर्षे परत देत होता, आणि देताना त्याला काही जड जात नव्हते. हेच मला सहन झाले नाही. त्याने एकदा जरी हक्क सांगितला असता, तरी मी माझे नाव लिहिले असते.

“पूर्ण नाव सांगा,” मी म्हणालो. “वडिलांचे आणि आडनावासकट.”

त्याने सांगितले. मी उंबऱ्यावरच बसून, अर्ज मांडीवर घेऊन, ते रकान्यात लिहिले. अक्षर माझे नेहमीसारखेच आले. मग अर्जाची घडी घालून मी उठलो.

“काकाऽ,” मैदानावरून मनकर्णाची हाक आली, “येताय ना? पन्नास राह्यलेत!”

“आलो गं, आलो!” बंकट भिंतीचा आधार घेत उठला. “चला साहेब, बगायला येता?”

“तुम्ही व्हा पुढे,” मी म्हणालो. “मला कार्यालयात अर्ज द्यायचा आहे.”

कार्यालयाकडे जाणारी सरळ वाट मैदानाच्या कडेने जाते; तीन मिनिटांची. मी छावणीच्या मागून गेलो. त्या वाटेने चौदा मिनिटे लागतात.